पडवीतली चूल

गुरुवार, ५ फेब्रुवारी १९४२

सगळ्यांत आधी आला धाकलू, गळ्यात डफ अडकवून, आणि त्याच्या पाठोपाठ समोरची मोतीबाई, हाताचं पीठसुद्धा न झटकता. मोतीबाईला दवंडी ऐकायची नव्हती. दवंडी ऐकताना माझं तोंड कसं होतं, ते बघायचं होतं. म्हणून मी मुद्दाम पान लावत बसले. धाकलूने दोनदा बडवलं, खाकरला आणि पाठ केलेलं म्हणून टाकलं, "पंचायतीचा हुकूम हाय. ज्याच्या घरात परगावचं बिऱ्हाड हाय आणि त्याला वेगळा संडास नाय, त्यानं ते होळीच्या आत हलवायचं. बिऱ्हाड म्हंजे ज्याची चूल वेगळी ते. पंच घरोघर येऊन बघतील हो!"

पंच म्हणे! सरपंच येसाजी म्हणजे आमच्या यांच्या चुलतभावाचा मुलगा. त्याचं वाहतं नाक मी माझ्या पदराने पुसलेलं आहे. त्या नाकाने आता हा आमच्या घरांचे वास घेत फिरणार.

मी धाकलूला विचारलं, "काय रं, सरपंचाच्या घरी संडास हाय का?"

"काकी, डफ माझा, हुकूम त्यांचा. मला कशाला गोवता?"

"तसं नाय. सकाळी तांब्या घेऊन नदीकडं जाताना दिसतो, म्हणून इचारलं."

मोतीबाई इतकी हसली की पीठ माझ्या पानात पडलं.

खरी गोष्ट अशी आहे. जपानी विमानं मुंबईवर येणार म्हणून पौषापासून माणसं गाड्या भरभरून कर्जत स्टेशनावर उतरतायत, आणि स्टेशनापासून कोसभर आमच्या गावापर्यंत ट्रंका डोक्यावर घेऊन येतायत. येसाजीने स्टेशनरस्त्याला आठ खोल्यांची चाळ बांधली. भाडं असं सांगतो की माणूस म्हणतो, त्यापेक्षा बॉम्ब बरा. चार खोल्या रिकाम्या आहेत. मात्र चाळीला संडास दोन आहेत. आता कळलं ना पंचायतीला संडासाची आठवण कुठून आली?

माझ्या पडवीत सुनीती राहते, आणि तिची सासू. सुनीतीचा नवरा हरी मुंबईला गोदीच्या कचेरीत आहे, त्याला सुटी नाही. पोर पोटुशी आहे, नववा महिना लागलाय. आता हिला हलवायची कुठे?

ही वही यांची. पॉइंट्समनच्या नोकरीतून उरलेली, रेल्वेच्या रकान्यांची. मी दुसरीपर्यंत शिकलेली बाई, रकान्यात मावत नाही म्हणून आडवं लिहिते. आमचा अप्पा भुसावळला रेल्वेतच आहे. त्याला पत्र लिहिलं तर उत्तराला दिवाळी उजाडते, त्यापेक्षा वही बरी.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

चूल मोडली. युक्ती माझीच.

आमच्याकडे घर भिंतींनी मोजत नाहीत, चुलींनी मोजतात. घरपट्टीच्या मोजणीला कारकून आला की वेगळे निघालेले भाऊसुद्धा दुपारपुरते एका चुलीवर येतात. गेल्या साली मोतीबाई आणि तिची जाऊ, ज्या एकमेकींच्या सावलीत उभ्या राहत नाहीत, त्या एका पातेल्यात दोन पळ्या घालून ढवळत बसल्या होत्या. कारकून गेला आणि त्याच पळ्यांनी भांडल्या. तर मी म्हटलं, चूल वेगळी ते बिऱ्हाड ना? मग चूलच नको!

घरात पोटुशी असताना चूल मोडू नये म्हणतात. म्हणून आधी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले, मग पहार घातली. शास्त्र मलाही कळतं.

सासू तेव्हा नदीवर होती. ती ओलेत्याने आली, दारात उभी राहिली आणि मातीच्या ढिगाकडे बघत राहिली. सोवळ्यातली विधवा बाई, लाल आलवण, चेहरा असा की लोणच्यालाही वाटावं आपण गोड आहोत. दीड महिना माझ्या घरात आहे, पण माझी सावली घागरीवर पडली की पाणी ओतून पुन्हा विहिरीवर जाते. मला 'घरमालकीणबाई' म्हणते. मी तिला 'काकू' म्हणते, तेही तोंड वाकडं करून.

"काकू, युक्ती केली," मी म्हटलं.

 दिवसभर दोन केळी खाल्ली तिने. उपकाराची जाण नाही एकेकाला.

रविवार, ८ फेब्रुवारी

मोतीबाई म्हणजे नको तिथे डोकं. आज म्हणते, "गौराबाई, चूल मोडलीस ते ब्येस केलंस. पण पंचांनी इचारलं, ह्या बायका जेवतात कुठं, तर काय सांगशील?"

 हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मोतीबाईची गोष्ट वेगळी, ती आणि तिची जाऊ एका जातीच्या. एका पातेल्यात ढवळल्या, झालं. इथे ब्राह्मणाच्या सोवळ्यातल्या बाईने माझ्या चुलीवरचं खायचं! माझ्या चुलीवर सुकट भाजते मी. काल रात्रीच भाजली. सुनीती दोन दिवस माझ्याकडे जेवतेय, तिचं काही नाही, शिकलेली मुलगी आहे, चटणीसुद्धा मागून घेते. पण ही म्हातारी केळी आणि दाणे यांवर चालली आहे.

येसाजीला हे ठाऊक आहे. म्हणूनच हुकमात चूल घातली त्याने. मेल्याचं डोकं वाईट कामात बरोबर चालतं.

सुनीतीला म्हटलं, तर ती रडायलाच लागली. "आईंना नका सांगू, आजी. मी जाते मुंबईला परत." मी म्हटलं, जा, कोण अडवतंय. तेव्हा तिने सांगितलं. मागच्या खेपेला सातव्या महिन्यात गाडीने माहेरी जाताना कल्याणच्या पुढे दुखायला लागलं. ते मूल गाडीतच गेलं. भागूबाई सुईण परवा पोट बघून गेली, तीही म्हणाली होती, "हिला आता बैलगाडीतबी घालू नका, गौराबाई. जिथं हाय तिथंच ऱ्हाऊ द्या."

मग मी उठून म्हातारीच्या दाराशी गेले. बाहेरच उभी राहिले, तिच्या हद्दीत पाय नको.

"काकू, मंगळवारी पंच येणार. त्यांच्या देखत माझ्या चुलीवरचं जेवावं लागंल. नायतर तुमचं बिऱ्हाड ठरलं."

"तुमच्या चुलीवर काय शिजतं?"

"सगळं शिजतं. खोटं कशाला बोलू? काल सुकट होती."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी वरणभात."

ती आत वळली आणि जपाची माळ घेऊन बसली. हो नाही, नाही नाही. दिवे लागले तरी माळ चाललेलीच. माणसाने विचारलेल्याला उत्तर देऊ नये इतकं कसलं देवाचं काम असतं?

मंगळवार, १० फेब्रुवारी

आले एकदाचे. येसाजी पुढे, काळी टोपी, हातात वेताची काठी. ही काठी सरपंच झाल्यापासून आली, पायाला काही झालेलं नाही. मागे नामा पंच. तो येसाजीच्या विरुद्ध कुळातला. दोघांची होळीच्या मानावरून आजोबांपासून तेढ. आणि शेवटी सदू कारकून, वही काखेत, दौत हातात, शाई अंगठ्यावर.

मी पहाटेच स्वयंपाकघर सारवलं होतं. चूल दोनदा पोतेरली. नवं मडकं आणलं होतं. भात, वरण, भोपळ्याची भाजी, लिंबू.

येसाजीने काठीने पडवी दाखवली. "काकी, हितं चूल होती."

"होती. उंदरांनी पोखरली."

"पहारीनं पोखरली वाटतं," नामा म्हणाला. कुणाच्या बाजूने म्हणाला ते कळलं नाही, पण मला आवडला.

"मग ह्या जेवतात कुठं?"

"माझ्याकडं. एकाच चुलीवर."

येसाजी हसला. दात किडलेत त्याचे, तेव्हा हसू नये. "ह्या? तुज्याकडं? बामनाच्या? सदू, लिव रं, वेगळं बिऱ्हाड."

सदूने दौतीत टाक बुडवला, तेवढ्यात म्हातारी पडवीतून बाहेर आली. आलवण धुतलेलं, ओलं. कुणाकडे न बघता माझ्या स्वयंपाकघरात आली, पाट मांडला आणि चुलीच्या समोर बसली. सुनीती दाराला धरून उभी.

मी वाढलं. खोटं का सांगू, वरणाचा थेंब तिच्या पानाबाहेर पडला. म्हातारीने पानाभोवती पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि मग पहिला घास घेतला. तोंडात घेऊन बराच वेळ बसली. मला वाटलं, थुंकते आता. गिळला. दुसरा घेतला. येसाजीची काठी जमिनीवर टकटक करत होती, ती थांबली. सदूचा टाक वाळला.

पानातलं सगळं संपवून ती म्हणाली, "गौराबाई, अजून थोडा भात वाढा."

घरमालकीणबाई नाही, गौराबाई!

"बघ, येसाजी," मी म्हटलं. "तुज्या घरचं कुणी दुसऱ्यांदा मागतं का रं?"

नामा तोंडावर उपरणं धरून बाहेर गेला. येसाजी तांबडा झाला. "एक दिस जेवून चूल एक होत नाय. आमी परत येऊ. कवा ते सांगणार नाय." पण सदूकडून वहीत लिहून घ्यावंच लागलं त्याला. एक चूल, एक घर, मालक गौराबाई. मी सदूला दोनदा वाचायला लावलं.

म्हातारी मात्र अधाशी निघाली. दुसऱ्यांदा भात! वर पानावरून उठल्याउठल्या नदीवर गेली अंघोळीला, ती संध्याकाळी परतली. जेवून लगेच अंघोळ करू नये, इतकंही कळत नाही.

शनिवार, १४ फेब्रुवारी

कधी येतील ते सांगत नाहीत म्हणून रोजच मांडावं लागतं. रोज म्हातारी येऊन बसते. सुकट बंद. माझ्या जिभेला कसलीच चव राहिलेली नाही. येसाजीचा सूड मी त्याच्यावर उगवणार की माझ्याच पोटावर, देव जाणे.

आज आले होते पुन्हा, भर दुपारी, चोरासारखे मागच्या दाराने. आम्ही तिघी पानावर. येसाजीने भाताच्या पातेल्याचं झाकणसुद्धा उचललं. म्हातारी म्हणाली, "बसता का? दोन घास आहेत." इतक्या गोड आवाजात म्हणाली की तो उलटा चालत गेला आणि केरसुणीवर पडला.

एक गंमत बघितली. म्हातारीचे देव होते ना पडवीत, तांब्याचे चिमुकले, रोज घासायची, त्यांच्यापायी मला सकाळी पडवीत पाऊल टाकता यायचं नाही? ते सगळे फडक्यात बांधून फळीवर ठेवलेत. पूजा सुनीती करते, तीही फडक्यावरूनच फूल वाहून. मंगळवारपासून म्हातारीने देवाला हात लावलेला नाही. सुनीतीला विचारलं, तर म्हणाली, "आई म्हणतात, आता नको." एवढंच. वय झालं, गुडघे धरले असतील, नाहीतर आळस. इतकी वर्षं देव देव करून शेवटी कंटाळतातच बायका. मी तर पहिल्यापासूनच लांबून नमस्कार करते, मला कंटाळा येण्याचा प्रश्नच नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

हरीचं पत्र आलं. सिंगापूर पडलं म्हणे. मुंबईत काचांना काळा कागद चिकटवतायत. तो येत नाही, आई आणि गौराआजी असताना मला काळजी नाही, असं लिहिलंय. सुनीतीने ते दोनदा वाचलं. मी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, अक्षर चांगलं आहे म्हणून.

मोतीबाई विचारत होती, अप्पाचं काय? म्हटलं, रेल्वेची नोकरी, त्यांना लिहायला फुरसत नसते.

बुधवार, २५ फेब्रुवारी

मुलगी झाली! पहाटे, भागूबाईच्या हातात. आवाज असा की कर्जतच्या इंजिनाने लाजावं. नाक सुनीतीचं, कपाळ आजीचं, कपाळाला आठीसुद्धा तीच. मी नाळेचं सगळं स्वतः पुरलं, गूळ वाटला, मोतीबाईच्या जावेलासुद्धा दिला. माझ्या घरात पंचवीस वर्षांनी पाळणा. दुसऱ्याचा का असेना. हे मी उगाच लिहिते आहे, मला काय त्याचं.

म्हातारीने पोरीला हातात घेतलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. रडताना ही बाई आणखी कुरूप दिसते. मला म्हणाली, "गौराबाई, ही इथे झाली." मी म्हटलं, "मग काय गाडीत व्हायला पाहिजे होती?" तेव्हा ती जास्तच रडली. बोलायची सोय नाही.

रविवार, १ मार्च

आजचा दिवस मी मेले तरी विसरणार नाही.

येसाजी पुन्हा आला, नामा आणि सदू घेऊन. उद्या होळी, म्हणजे मुदत संपली. नवा शोध लावून आला होता. म्हणे, माणसं तीनाची चार झाली, एका चुलीवर दोन घरची चार माणसं मावत नाहीत, पंचायत मान्य करत नाही, परवा हलवा. बाळंतीण चार दिवसांची! भागूबाईने आतून शिव्या दिल्या, त्या मी लिहीत नाही, पण शब्द चांगले होते.

मी ओसरीवर बसले होते. उठले नाही. "येसाजी," म्हटलं, "तू हितं आलास कसा? तुला सोयर हाय."

"कसलं सोयर?"

"घरात पोर झाली. दहा दिस सोयर. भाऊबंदाला लागतं का नाय? तू माझा भाऊबंद."

"पोर बामनाची!"

"पोर कुठल्या घरातली? सदू, वाच रं वही."

सदूने वही उघडली. बिचारा वाचायला लागला, "एक चूल, एक घर, मालक गौराबाई."

"एक चूल, एक घर," मी म्हटलं. "पंचायतीनं लिवलंय, मी नाय. माझ्या घरातली पोर म्हंजे माझी पोर. माझं सोयर ते तुजं सोयर. आता उद्या होळीला नारळ घालायला कुठल्या हातानं जाणार?"

 होळी पेटवायचा मान त्याच्या कुळाचा. त्या मानासाठी त्याच्या आजाने नामाच्या आजाचा दात पाडला होता.

"हे खुळ्यावानी काय बोलतीस, काकी? कोण मानणार?"

"मी मानतो," नामा म्हणाला. पटकन म्हणाला, जणू तीन पिढ्या याचीच वाट बघत होता. "काकी बोलते त्यात चूक नाय. सोयरात नारळ घातला तर गावावर बला. यंदा आमी घालू."

येसाजीने गुरवाला बोलावणं धाडलं. पोशा गुरव आला, डोकं खाजवलं, सगळं ऐकलं. तोही माझ्याइतकाच शिकलेला. म्हणाला, "सोयर हाय का नाय ते मला ठावं नाय, सरपंच. पण शंका हाय. शंकेच्या हातानं होळीला शिवू नये."

मोतीबाईपासून धाकलूपर्यंत निम्मं गाव अंगणात गोळा झालेलं. हसू दाबून सगळ्यांची पोटं हलत होती.

येसाजी सदूकडे वळला. "खोड ते! बायका वेगळ्या, घर वेगळं. लिव बिऱ्हाड."

सदू म्हणाला, "सरपंच, दोनदा डोळ्यांनी बघून लिवलंय. तुमी पातेल्याचं झाकण उचललं होतं."

"मग काय लिवू म्हंतोस?"

तेव्हा आतून म्हातारीचा आवाज आला. दाराआडून, कारण सोयरातली. "पाहुणे लिहा. पाहुण्यांचं सोयर यजमानाला लागत नाही."

 पाहुण्याची चूल वेगळी नसते आणि पाहुणा बिऱ्हाड नसतो. हुकमात पाहुण्याविषयी अवाक्षर नाही. हे मला का सुचलं नाही, याचा मला अजून राग आहे. दोन महिने गप्प बसून ही बाई आत करत काय होती? डोकंच चालवत होती वाटतं.

नामाचं तोंड पडलं, त्याचं मला थोडं वाईट वाटलं. येसाजीने स्वतः सदूच्या हातातला टाक घेतला. 'एक घर, मालक गौराबाई, आणि पाहुणे' असं लिहिलं. अक्षर बघून माझं मन भरलं. सरपंचाचं अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे.

सोमवार, २ मार्च

होळी झाली. येसाजीने नारळ घातला. बोंब मारताना निम्म्या गावाने त्याच्या चाळीच्या नावाने मारली, मी नाही. मी फक्त मोतीबाईला ढोसलं.

म्हातारीला म्हटलं, "काकू, आता कोण बघणार नाय. उद्या माती आणते, तुमची चूल परत घालून देते. तुमची तुमी रांधा, तुमच्या सोवळ्यात." मला वाटलं, उडी मारेल.

ती पोरीला मांडीवर थोपटत होती. म्हणाली, "काल जाताना काय सांगून गेला तो?"

सांगून गेला होता, टोपी सावरत, अंगणाच्या टोकावरून, मोठ्याने, म्हणजे गावाला ऐकू जावं, "पाहुणे किती दिस ऱ्हातात ते बघतो. मंगळवारी परत येतो. दहा तारखेला."

"मंगळवारी येणार म्हणाला," मी म्हटलं.

"मग मंगळवारपर्यंत राहू दे चूल."

"आणि मंगळवारी आला, आणि परत पुढल्या मंगळवारी येतो म्हणाला तर?"

"तर तेव्हा बघू," म्हातारी म्हणाली. "भाजीत मीठ जरा कमी घालत जा, गौराबाई."

ऐकलंत? माझ्याच चुलीवर बसून माझ्याच मिठाला नावं! इतकी वर्षं रांधतेय, आमचे हे मरेपर्यंत बोलले नाहीत मीठ जास्त म्हणून. सांगितलं तिला, पाहुण्याने पाहुण्यासारखं असावं. तर हसली. मी पहिल्यांदाच बघितलं, वरचे दोन दात नाहीत तिला.

रेल्वेच्या रकान्यात तारीख घालून ठेवते, विसरायला नको. मंगळवार, १० मार्च, येसाजी, नामा, सदू, दुपारी. भोपळा आणायचा. मीठ कमी.